फ्रान्सिस रॅटनबरी आणि त्याच्या इमारती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅनडाच्या पश्चिम टोकाला व्हँकुव्हर बेट आहे आणि त्या बेटावर व्हिक्टोरिया, म्हणजे ब्रिटिश कोलंबिया प्रांताची राजधानी. व्हँकुव्हर शहर मात्र या बेटावर नाही आणि ते राजधानीही नाही. हा घोळ आधीच मिटवलेला बरा, नाहीतर पुढचं सगळं चुकतं. व्हिक्टोरियाच्या बंदरावर, इनर हार्बरला, उभं राहिलं की समोर दिसणारं जवळपास सगळं एकाच माणसाच्या हातचं आहे. पाहुण्यांना तिथे नेलं की ठरलेले प्रश्न येतात. त्यांची उत्तरं एकदाच लिहून ठेवतो.

हा रॅटनबरी नेमका कोण?

फ्रान्सिस मॉसन रॅटनबरी हा आर्किटेक्ट. जन्म ११ ऑक्टोबर १८६७, इंग्लंडमधल्या लीड्सचा. १८९२ मध्ये, पंचविशी गाठायच्या आधीच, तो व्हँकुव्हरला आला. पुढच्या तीसेक वर्षांत त्याने ब्रिटिश कोलंबियाचं विधानभवन, एम्प्रेस हॉटेल, व्हँकुव्हरचं कोर्ट, बँका, स्टेशनं, श्रीमंतांची घरं असं बरंच काही उभं केलं. मित्रमंडळीत त्याचं नाव ‘रॅट्स’.

मग त्याला कॅनेडियन म्हणायचं की इंग्रज?

माणूस इंग्रज, काम कॅनेडियन. आयुष्यातली सगळी महत्त्वाची कामं त्याने ब्रिटिश कोलंबियात केली. इंग्लंडने त्याला घडवलं आणि शेवटी मारलंही, पण तिथे त्याची म्हणून दाखवावी अशी इमारत नाही. त्यामुळे मी तरी त्याला कॅनडाच्याच खात्यावर टाकतो.

पंचवीस वर्षांच्या पोराला विधानभवनाचं काम मिळालं कसं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि रास्तही आहे.

त्या काळी प्रांताचा कारभार १८५९ मध्ये बांधलेल्या काही छोट्या इमारतींतून चालायचा. त्यांची छपरं आणि सजावट अशी विचित्र होती की लोक त्यांना ‘पक्ष्यांचे पिंजरे’ म्हणत. १८९२ मध्ये सरकारने नव्या इमारतीसाठी खुली स्पर्धा जाहीर केली. रॅटनबरीला कॅनडात पाऊल टाकून काही आठवडेच झाले होते. साठाहून जास्त प्रवेशिका आल्या, त्यातल्या पाच दुसऱ्या फेरीत गेल्या आणि मार्च १८९३ मध्ये निकाल लागला. जिंकला तो हा नवखा.

त्याने केलेली एक गोष्ट मात्र अस्सल चलाखीची होती. नकाशांवर खरं नाव घालायचं नव्हतं, टोपणनाव घालायचं होतं. त्याने सही केली ‘ब्रिटिश कोलंबियाचा एक आर्किटेक्ट’. परीक्षक बाहेरचे असले तरी पैसे प्रांताचे होते आणि काम आपल्याच माणसाला मिळावं अशी स्थानिकांची इच्छा होती. प्रांतात काही आठवडे काढलेल्या माणसाने स्वतःला ‘इथला’ म्हणवून घेतलं. खोटं म्हणावं तर नाही, खरं म्हणावं तर तेही जड जातं.

व्हँकुव्हरला आल्या आल्या त्याने दिलेली जाहिरातही याच जातीची. लॉकवुड आणि मॉसन या नामवंत फर्मबरोबर दहा वर्षं हरतऱ्हेच्या इमारती उभारल्याचा दावा त्यात होता. ब्रॅडफर्डचा टाउन हॉल आणि सॉल्टेअरची आदर्श गिरणी-वसाहत बांधणारी हीच फर्म. त्यातले मॉसन हे त्याचे मामा, आणि त्यांच्याच ऑफिसात त्याने काम शिकलं, एवढं खरं. पण लॉकवुड वारले १८७८ मध्ये, तेव्हा आपले रॅटनबरीसाहेब दहा वर्षांचे होते. व्हँकुव्हरमध्ये हे तपासणार कोण? गाव नवं, सगळेच कुठून तरी आलेले, आणि प्रत्येकाची मागची गोष्ट थोडीफार फुगवलेली.

तरी नुसत्या थापांवर एवढी मोठी इमारत उभी राहत नाही. नकाशे चांगले होते आणि दर्शनी भागाचं चित्र काढण्यात त्याचा हात विलक्षण होता. परीक्षकांनी निवडलं ते ते चित्र.

विधानभवन कशाचं बांधलंय? खर्च किती झाला?

दगड करडा, अँडेसाइट जातीचा, हॅडिंग्टन बेटाच्या खाणीतून आणलेला. साहित्य होता होईल तितकं प्रांतातलंच वापरायचं असं ठरलं होतं, आणि त्यामुळे रंगाला एक सलगपणा आला. वर हिरवे पडलेले तांब्याचे घुमट. मधल्या मोठ्या घुमटाच्या टोकाला सोन्याचा मुलामा दिलेला पुतळा आहे तो कॅप्टन जॉर्ज व्हँकुव्हरचा. दर्शनी लांबी सुमारे ५०० फूट.

अंदाज होता ५ लाख डॉलरचा आणि बिल झालं सव्वानऊ लाखांच्या आसपास. सरकारी बांधकामाचा हा नियम कुठल्याही देशात मोडलेला मी पाहिलेला नाही.

दगडाच्या कंत्राटदाराची कहाणी वाईट आहे. रॅटनबरी दगड नाकारत राहिला, कंत्राटदार फ्रेडरिक अ‍ॅडम्स कर्जात रुतत गेला. मार्च १८९५ मध्ये खाणीकडे निघालेली बोट वादळात बुडाली आणि त्यात तो गेला. उद्घाटनाच्या वर्णनांत हे नाव क्वचितच येतं.

इमारत रीतसर उघडली १० फेब्रुवारी १८९८ ला. पण तिच्यावरची रोषणाई त्याआधीच, १८९७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवात पहिल्यांदा लागली. आजही रोज रात्री तीन हजारांहून जास्त दिवे इमारतीची रेघन् रेघ उजळवतात. मागच्या बाजूचा ग्रंथालयाचा भागही रॅटनबरीचाच, तो १९१५ पर्यंत पूर्ण झाला.

ही तर आपल्या व्ही.टी.सारखी दिसते! काही संबंध?

मुंबईकर पाहुणा असला की हा प्रश्न हमखास. थेट संबंध काहीच नाही. आताचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस फ्रेडरिक स्टीव्हन्सचं आणि या इमारतीच्या दहा वर्षं आधीचं. ते गॉथिक घराण्यातलं, टोकदार कमानींचं. रॅटनबरीच्या कमानी गोल, जाड, रोमनेस्क वळणाच्या आणि त्यावर थोडा रेनेसान्सचा मसाला.

तरीही पाहुण्याची नजर चुकलेली नसते. मधला घुमट, दोन्ही बाजूंना हात पसरल्यासारखे कोपऱ्यांतले मनोरे, घुमटाच्या टोकाला मूर्ती, आणि समोर उभं राहणाऱ्याला लहान करून टाकणारा थाट ही एकाच साम्राज्याची भाषा आहे. मुंबईत तिच्यावर माकडं, मोर आणि पिंपळपानं आली, कारण ती कोरणारे हात तिथल्याच मातीतले होते. व्हिक्टोरियात तसं फारसं झालं नाही. मला व्ही.टी. जास्त आवडतं, ते याच कारणाने.

एम्प्रेस हॉटेलमधली ‘एम्प्रेस’ कोण?

तीच, नागपूरच्या एम्प्रेस मिलमधली आणि पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधली. व्हिक्टोरिया राणीने ‘हिंदुस्थानची सम्राज्ञी’ ही पदवी घेतली, तिचा जाहीर समारंभ १ जानेवारी १८७७ ला झाला आणि त्याच दिवशी जमशेटजी टाटांनी नागपुरात गिरणी सुरू केली. कॅनडात हा शब्द आला तो जहाजांवरून. कॅनेडियन पॅसिफिक रेल्वेने, म्हणजे सीपीआरने, १८९१ मध्ये पॅसिफिक महासागर ओलांडणारी तीन जहाजं सुरू केली: एम्प्रेस ऑफ इंडिया, एम्प्रेस ऑफ चायना, एम्प्रेस ऑफ जपान. हॉटेलही सीपीआरचंच. नागपूरची गिरणी आणि व्हिक्टोरियाचं हॉटेल अशी नावाने भावंडं.

हॉटेल खाडीत भराव घालून बांधलंय, हे खरं?

अगदी खरं, आणि माझ्या मते रॅटनबरीचं खरं मोठेपण इथे आहे.

जेम्स बे नावाची एक छोटी खाडी गावात आत शिरलेली होती. ओहोटीला नुसता चिखल. कोकणातल्या माणसाला ‘खाजण’ म्हटलं की लगेच कळेल. मूळचे लेक्वुंगेन लोक तिथे शिंपल्या-तिसऱ्या गोळा करत. गोऱ्यांचं गाव वाढलं तसं तिथे कचरा आणि सांडपाणी जाऊ लागलं, आणि वरून एक लाकडी पूल. विधानभवन अलीकडे, बाजारपेठ पलीकडे आणि मध्ये ही दुर्गंधी.

पूल काढून दगडी बांध घातला, मागे भराव टाकला, लाकडी खांब ठोकून पाया केला आणि त्या जागेवर सीपीआरचं हॉटेल बसवलं. हॉटेल तिथेच व्हावं म्हणून रॅटनबरीने जीव तोडून प्रयत्न केले. शहराने रेल्वेला जमीन आणि करात सवलती दिल्या. २० जानेवारी १९०८ ला हॉटेल उघडलं. उतरती उंच छपरं आणि कोपऱ्यांत मनोरे ही फ्रेंच गढ्यांची शैली सीपीआरने आधीच क्वेबेकच्या शातो फ्रोंतनाकमध्ये ठरवून टाकली होती, तेव्हा त्यात रॅटनबरीची नवलाई फार नाही. नवलाई जागेची. विधानभवन आणि हॉटेल काटकोनात, मध्ये पाणी. बोटीतून उतरणाऱ्या माणसाला अख्खं शहर एका नजरेत मिळतं. आज ज्याला ‘व्हिक्टोरियाचं दृश्य’ म्हणतात ते आधी नव्हतंच, ते तयार केलं गेलं.

यात कोणाचं काय गेलं तेही सांगायला हवं. बंदराच्या पलीकडच्या काठावर साँगीस लोकांची, म्हणजे लेक्वुंगेनांपैकीच काहींची, राखीव वस्ती होती. १९११ मध्ये तीही हलवून एस्क्विमॉल्टकडे नेली. दृश्य अगदी नीटनेटकं झालं.

हॉटेल पूर्ण व्हायच्या आतच रॅटनबरीचं सीपीआरशी बिनसलं. आतली मांडणी आणि सजावट दुसऱ्यांच्या हाती गेली, तशी त्याने कंपनी सोडली.

मध्यंतरी हे हॉटेल पाडणार होते म्हणे?

१९६५ च्या सुमारास तशी चर्चा जोरात होती. हॉटेल जुनाट झालं होतं आणि जागी नवा टॉवर बांधावा असं काहींचं मत होतं. गावाने ओरड केली. शेवटी मालकांनी डागडुजीवर सुमारे ४० लाख डॉलर खर्च करायचं ठरवलं. मोहिमेचं नाव होतं ‘ऑपरेशन टीकप’, कारण इथला दुपारचा चहा प्रसिद्ध. चहा अजूनही मिळतो. किंमत पाहिल्यावर माझ्या आईने तो बाहेरच्या बाकावर बसून, घरून आणलेल्या थर्मासातून घेतला. दृश्य तेच.

व्हँकुव्हर शहरात त्याचं काय बघायला मिळेल?

व्हँकुव्हर आर्ट गॅलरी. ही मुळात प्रांताच्या कोर्टाची इमारत, १९११ मध्ये तयार झालेली. दर्शनी खांब, त्रिकोणी माथा, घुमट आणि पायऱ्यांशी दोन दगडी सिंह. आर्थर एरिक्सन या मोठ्या कॅनेडियन आर्किटेक्टने शेजारी नवं कोर्ट बांधलं आणि जुनी इमारत चित्रांसाठी तयार करून दिली. गॅलरी इथे आली १९८३ मध्ये.

भारतीयांनी या इमारतीत शिरताना एक गोष्ट माहीत असावी. २३ मे १९१४ ला कोमागाता मारू हे जहाज ३७६ हिंदी प्रवाशांना घेऊन व्हँकुव्हरच्या बंदरात आलं. दोन महिने ते तिथेच अडवून ठेवलं आणि मूठभर लोक सोडले तर बाकीच्यांना परत हाकललं. इमिग्रेशन खात्याचा विल्यम हॉपकिन्सन हिंदी लोकांत खबरे पेरून होता. त्यातल्या बेला सिंगने सप्टेंबरमध्ये गुरुद्वाऱ्यात गोळ्या झाडून दोघांना मारलं. त्याच्या बाजूने साक्ष द्यायला हॉपकिन्सन २१ ऑक्टोबर १९१४ ला कोर्टात आला. तिथेच, या इमारतीत, मेवा सिंगने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. मेवा सिंगने गुन्हा कबूल केला. ११ जानेवारी १९१५ ला न्यू वेस्टमिन्स्टरच्या तुरुंगात त्याला फाशी झाली. इथले शीख त्याला हुतात्मा मानतात. पॅसिफिक किनाऱ्यावरच्या ज्या गदर चळवळीची ही पार्श्वभूमी, तिच्यात आपले वर्ध्याचे पांडुरंग खानखोजेही होते. त्या जागी आज चित्रं पाहत फिरताना मला दर वेळी थोडं अवघडल्यासारखं होतं.

विधानभवनाशीही भारतीयांचा असा काही संबंध आहे का?

आहे. १९०७ मध्ये याच सभागृहाने कायदा बदलून प्रांतातल्या हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेतला. कायद्यातला शब्द होता ‘हिंदू’, अर्थ होता हिंदुस्थानातून आलेले सगळे, आणि त्यातले बहुतेक शीख. तो हक्क परत मिळाला १९४७ मध्ये. पुढे २००० साली उज्ज्वल दोसांज याच इमारतीत प्रांताचे प्रीमियर, म्हणजे आपल्याकडचे मुख्यमंत्री, झाले. २३ मे २००८ ला, जहाज आल्याच्या बरोबर ९४ वर्षांनी, विधानसभेने कोमागाता मारूबद्दल माफीचा ठराव केला. वास्तू तीच, दालनही तेच.

बाकी इमारती?

नानाइमोचं कोर्ट हे सुरुवातीच्या कामांपैकी, छोटं पण देखणं. नेल्सनचं कोर्ट नंतरचं. बँक ऑफ माँट्रियलसाठी त्याने बऱ्याच गावांत शाखा बांधल्या, व्हिक्टोरियाच्या शाखेत आता पब आहे. राज्यपालांचं घर त्याने सॅम्युअल मॅक्ल्युरबरोबर केलं होतं, ते पुढे जळालं. मॅक्ल्युर हा घरं बांधण्यात याच्यापेक्षा कितीतरी सरस, असं माझं मत. ओक बे इथे समुद्राकाठी रॅटनबरीने स्वतःसाठी बांधलेल्या घरात आज शाळा भरते. बंदरावरचं ग्रीक देवळासारखं दिसणारं सीपीआरचं बोट-टर्मिनल १९२४ चं, पर्सी जेम्स या दुसऱ्या आर्किटेक्टबरोबर केलेलं. तिथे बरीच वर्षं मेणाच्या पुतळ्यांचं संग्रहालय होतं.

एवढी कामं मिळवणारा माणूस शेवटी अडचणीत कसा आला?

आर्किटेक्चरपेक्षा त्याला पैशाची झटपट वाट जास्त खुणवायची. १८९८ मध्ये वायव्य कॅनडातल्या क्लोंडाइकच्या सोन्यासाठी धावपळ सुरू होती, तेव्हा त्याने युकॉनकडच्या तळ्यांवर आणि नदीवर तीन छोट्या आगबोटी चालवल्या: ओरा, नोरा आणि फ्लोरा. त्याच वर्षी फ्लॉरेन्स नन हिच्याशी त्याचं लग्न झालं.

मोठा जुगार पुढचा. ग्रँड ट्रंक पॅसिफिक ही नवी रेल्वे प्रांताच्या उत्तरेतून प्रिन्स रूपर्टला जाणार होती. सीपीआर सोडलेल्या रॅटनबरीला तिची हॉटेलं आणि स्टेशनं आखायची होती. त्याने मार्गालगत हजारो एकर जमीनही घेऊन ठेवली. रेल्वेचे प्रमुख चार्ल्स हेज १९१२ मध्ये टायटॅनिकवर होते. ते गेले आणि योजनेतला जीवही गेला. पाठोपाठ महायुद्ध, मग रेल्वेचं दिवाळं. प्रिन्स रूपर्टचं भव्य हॉटेल कागदावरच राहिलं आणि जमिनींवर कर मात्र चढत राहिला. नव्या महामार्गाच्या बातमीवर आपल्याकडे जमिनी घेणाऱ्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

क्रिस्टल गार्डन म्हणजे काय?

काचेच्या छताखालचा समुद्राच्या पाण्याचा तलाव. सोबत नाचायची आणि चहाची जागा. १९२५ मध्ये उघडला, एम्प्रेसच्या मागेच. त्या वेळी साम्राज्यातला असा सगळ्यात मोठा तलाव अशी त्याची जाहिरात व्हायची. हेही जेम्सबरोबरचं काम, आणि श्रेयावरून-पैशावरून दोघांत वाजलं. आता तिथे परिषदा भरतात.

याच प्रकल्पाला १९२३ च्या डिसेंबरात शहराच्या मतदारांनी कौल दिला, त्याची मेजवानी एम्प्रेसमध्ये झाली. त्या रात्री हॉटेलच्या लाउंजमध्ये रॅटनबरीची आल्मा पॅकनमशी ओळख झाली. तो छप्पन्न वर्षांचा, ती तिशीच्या आतली, उत्तम पियानो वाजवणारी. त्याचं पुढचं सगळं आयुष्य त्या ओळखीने ठरवलं.

त्याचा खून झाला होता ना?

हो. बऱ्याच जणांना तो माहीत असतो तो एवढ्याचमुळे, म्हणून हे उत्तर मी मुद्दाम आटोपतं ठेवतो.

फ्लॉरेन्स घटस्फोट देईना, तेव्हा त्याने स्वतः बांधलेल्या घराचे दिवे आणि हीटिंग बंद करायला लावलं. १९२५ मध्ये घटस्फोट झाला आणि त्याने आल्माशी लग्न केलं. गावाने मात्र दारं लावून घेतली. ज्या हॉटेलात आणि ज्या घरांत याचा दबदबा होता तिथलं बोलावणं थांबलं. शेवटी जोडपं लहान मुलाला घेऊन इंग्लंडमधल्या बोर्नमथला राहायला गेलं.

तिथे १९३४ मध्ये त्यांनी जॉर्ज स्टोनर या पोरसवदा ड्रायव्हरला नोकरीवर ठेवलं. आल्माचे त्याच्याशी संबंध जुळले. २४ मार्च १९३५ च्या रात्री आरामखुर्चीत झोपलेल्या रॅटनबरीच्या डोक्यात लाकडी हातोड्याचे घाव बसले, चार दिवसांनी तो गेला. लंडनच्या ओल्ड बेलीत खटला चालला. आल्मा निर्दोष सुटली, अठरा वर्षांच्या स्टोनरला फाशीची शिक्षा झाली. काही दिवसांतच आल्माने स्वतःचं आयुष्य संपवलं. स्टोनरसाठी लाखो लोकांनी सह्या केल्या, फाशी रद्द झाली, १९४२ मध्ये सुटून तो युद्धावर गेला आणि २००० सालापर्यंत जगला. इंग्लंडच्या वर्तमानपत्रांसाठी रॅटनबरी फक्त ‘आल्माचा म्हातारा नवरा’ होता.

तो खरंच चांगला आर्किटेक्ट होता का?

नवं काही शोधणाऱ्यांपैकी तो नव्हता. त्याच काळात शिकागोकडे पोलादी सांगाड्याच्या उंच इमारती कशा उभ्या राहत होत्या ते पाहिलं तर रॅटनबरी जुनाच वाटतो. विधानभवनाला रोमनेस्क, हॉटेलला फ्रेंच गढी, कोर्टाला ग्रीक खांब: ग्राहकाला जे शोभेल ते कपाटातून काढून द्यायचं. लोकांशी भांडण्यात तरबेज, श्रेय वाटून घेण्यात कंजूष.

पण इमारत कुठे ठेवायची आणि लांबून ती कशी दिसेल, हे त्याला कळायचं. त्याच्याहून हुशार कितीतरी लोकांना हे जमलेलं नाही. आजही इनर हार्बरवर काही नवं बांधायचं म्हटलं की वाद होतो तो त्याने आखलेल्या चौकटीवरून.

त्याची कबर व्हिक्टोरियात आहे का?

नाही, बोर्नमथला आहे. सत्तर वर्षांहून जास्त काळ तिच्यावर नावाचा दगडही नव्हता. तो बसला २००७ मध्ये.

एका दिवसात काय काय बघता येईल?

सकाळी विधानभवन. आतून पाहायला पैसे लागत नाहीत, मार्गदर्शकही मिळतो. घुमटाखाली उभं राहून वर बघायला विसरू नका. मग चालत एम्प्रेस, मागे क्रिस्टल गार्डन आणि परत बंदरावर बोट-टर्मिनल. चारही ठिकाणं पाच-दहा मिनिटांच्या अंतरात आहेत. दुपारी बस किंवा गाडीने ओक बेकडे जा, शाळा असल्याने त्याचं घर रस्त्यावरूनच पाहावं लागतं. अंधार पडायच्या आत मात्र परत या आणि बांधाच्या कठड्यावर जागा धरा. दिवे लागतात तेव्हा पाण्यात इमारत उलटी दिसते. उन्हाळ्यात अंधार व्हायला साडेनऊ वाजतात आणि वारा बोचरा असतो, तेव्हा स्वेटर आणि थर्मास बरोबर असू द्या.